गल्फला जायचंय? आधी खर्चाची वही उघडा

माझा मावसभाऊ सौदीला गेला तेव्हा शर्टाच्या खिशात एक छोटी लाल डायरी घेऊन गेला. दोन वर्षांनी करार संपवून आला तेव्हा ती मला दाखवली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: बयाणा २०,०००. मेडिकल ६,०००. व्हिसा आला तेव्हा ६०,०००. तिकीट २५,०००. मुंबईच्या फेऱ्या, राहणं, जेवण ९,०००. खाली रेघ मारून बेरीज, १,२०,०००. पुढची पानं सावकाराच्या हप्त्यांची. महिना शेकडा तीनने उचललेले पैसे, दरमहा सहा हजारांचा हप्ता. पगार हातात पडेपर्यंतचे पहिले दोन हप्ते मावशीने काजूच्या पैशांतून भरले होते. चोवीस महिने एकही हप्ता चुकला नव्हता, तरी शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘बाकी ३७ हजार.’

दोन वर्षं उन्हात सळया बांधल्या आणि गावी परत आला तो कर्ज घेऊनच. त्याचा पगार बुडाला नव्हता, कंपनीही वाईट नव्हती. सगळा घोळ झाला होता तो विमानात बसायच्या आधी.

तेव्हापासून आमच्या भागातली मुलं बाहेर जायचे कागद घेऊन आली की मी आधी वही काढायला लावतो. पगार किती हे सगळेच विचारतात. पण हा पगार आपल्या हातात यायला किती महिने लागणार, हे क्वचितच कोणी विचारतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका आकड्यासाठी आहेत. हे लिखाण मुख्यतः आखाती देशांत मजूर, हेल्पर, ड्रायव्हर, मिस्त्री, वेल्डर, सफाई कामगार, घरकामगार म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे. कोकणातून, मराठवाड्यातून जाणाऱ्यांना याचा उपयोग होईल, आणि मुंबईत मुलाखतीला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या भावांनाही.

पहिली पायरी: पासपोर्टवर काय छापलंय ते बघा

साध्या छत्तीस पानी पासपोर्टचं सरकारी शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. गावातला माणूस फॉर्म भरून देतो म्हणून तीन-चार हजार घेतो, हा आपल्या खर्चातला पहिला टाळता येण्यासारखा आकडा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तासाभरात जमतं.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआरची नोंद येते. याचा अर्थ, ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. सौदी, युएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सहाही आखाती देश या यादीत आहेत, मलेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉनही आहेत. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर पासपोर्ट काढतानाच ते जोडा. प्राप्तिकर भरणाऱ्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनाही या नोंदीतून सूट मिळते.

ही नोंद म्हणजे डाग, असं एजंटची माणसं सांगतात. ‘तुझा ईसीआर आहे, वेळ लागेल, टुरिस्टवर पाठवतो, तिकडे बदलून घेऊ.’ हे वाक्य कानावर पडलं की उठून यायचं. ईसीआरवाल्याच्या मंजुरीसाठी मालकाला नोंदणी करावी लागते, करार सरकारी यंत्रणेत चढतो, विमा काढावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर गेलात तर यातलं काहीच होत नाही. तिथे काम करणं बेकायदा ठरतं, आणि दंड व परतीचं तिकीट दोन्ही तुमच्याच माथी येतं.

दुसरी पायरी: एजंट कोण आहे ते शोधा

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परवाना असल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करता येत नाहीत. परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतून मिळतो आणि त्याची माहिती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर असते. तिथे परवानाधारक एजंटांची यादी आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आहेत अशा बिनपरवाना एजंटांचीही वेगळी यादी आहे. दोन्ही बघा. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या परवान्यावर भरवसा ठेवू नका. त्यावरचा क्रमांक फोनमध्ये टिपा, बाहेर येऊन संकेतस्थळावर ताडून पाहा: नाव तेच आहे का, पत्ता तोच आहे का, परवाना अजून चालू आहे का. परवाना पाच वर्षांसाठी असतो. मुदत संपलेला परवाना छान फ्रेममध्ये लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता मधल्या माणसाबद्दल. गावात येऊन ‘माझी मुंबईत ओळख आहे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच नात्यातला किंवा शेजारगावचा असतो. स्वतः कधीतरी गल्फला जाऊन आलेला, बोलायला गोड. कायद्यात सब-एजंट नावाची जागाच नाही. त्याला दिलेला रुपया कोणत्याही हिशोबात चढत नाही, आणि काही झालं तर मुंबईचं कार्यालय हात वर करतं, ‘आम्ही तर घेतलेच नाहीत.’ तो फसवतोच असं नाही, कधी मनापासून मदतही करतो. त्याने दाखवलेल्या वाटेने जा, पण पैसे त्याच्या हातात देऊ नका.

परवाना पक्का झाला की दोन कागद मागा. एक, परदेशी कंपनीचं मागणीपत्र, ज्याला सगळे डिमांड लेटर म्हणतात. किती माणसं, कोणतं काम, किती पगार, हे त्यात असतं. दुसरा, त्या कंपनीने याच एजंटला भरतीचा अधिकार दिल्याचं पत्र. खरा एजंट हे दाखवायला का-कू करत नाही.

तिसरी पायरी: वहीचं पान मधोमध दुमडा

इथे जरा वेळ द्या. पानाच्या डाव्या बाजूला ‘माझं’, उजव्या बाजूला ‘मालकाचं’ असं लिहा. मग एकेक खर्च ओळीने मांडा.

एजंटचं सेवाशुल्क ‘माझं’च्या बाजूला. पण त्याला मर्यादा आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४००. यापेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायला परवानाधारक एजंटला परवानगी नाही, आणि जे घेतलं त्याची पावती द्यावीच लागते. हा आकडा तुम्हाला पाठ आहे एवढं एजंटला कळलं तरी पुढचं बोलणं बदलतं.

पासपोर्ट, मुंबईची ये-जा, इथली मेडिकल, ईसीआर असेल तर मंजुरीचं २०० रुपये शुल्क आणि विम्याचा हप्ता हेही साधारण ‘माझं’च्या बाजूला जातं.

व्हिसाचे पैसे उजव्या बाजूला. यावर ठाम राहा, कारण सगळ्यात मोठी लूट याच नावाखाली होते. सौदीच्या कामगार कायद्याचं कलम ४० स्पष्ट आहे: परदेशी कामगार आणण्याचा खर्च, इकामा (तिथे राहण्याचा परवाना) आणि वर्क परमिटचं शुल्क, त्यांचं नूतनीकरण, उशीर झाला तर दंड, एक्झिट-रीएंट्रीचं, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचं शुल्क आणि करार संपल्यावर परतीचं तिकीट, सगळं मालकाने द्यायचं. युएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायला मनाई आहे. म्हणजे ‘व्हिसाचे साठ हजार’ असं एजंट म्हणतो तेव्हा तो मालकाच्या वाट्याचा खर्च तुमच्या गळ्यात घालत असतो. कधी मालकाने ते पैसे आधीच दिलेले असतात आणि एजंट दोन्हीकडून घेतो. कधी तिकडचाच मधला माणूस व्हिसे विकत असतो, इथला एजंट ते विकत घेतो आणि नफा लावून तुम्हाला विकतो.

जायचं तिकीट कोणाचं, हे करारात लिहिलेलं असतं. बऱ्या कंपन्या तेही देतात. करारात मालकाकडे असेल तर एजंटला तिकिटाचे पैसे देऊ नका.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची भूमिका तर याच्याही पुढची आहे: भरतीचं शुल्क आणि त्याला लागून येणारे खर्च कामगाराने भरूच नयेत, जो माणूस मागवतो त्याने भरावेत. नेपाळने २०१५ साली मलेशिया आणि सहा आखाती देशांसाठी असा नियम केला की व्हिसा आणि तिकीट मालकाचं, कामगाराकडून एजन्सीने फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यायचे. तिथेही नियम सर्रास मोडला जातो. तरी आपल्याकडच्या ३०,००० शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. मला स्वतःला आपली मर्यादा जास्तच वाटते. महिन्याला वीस-बावीस हजार कमावायला निघालेल्या माणसाकडून दीड महिन्याचा पगार आधीच काढून घ्यायचा, तोही कायद्याने, हे पटत नाही. पण आज कायदा हा आहे, आणि तोही पाळून घेतला तर निम्म्याहून जास्त पैसे वाचतात.

चौथी पायरी: महिने मोजा

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत या विषयासाठी एक मोजमाप आहे, १०.७.१. कामगाराने भरतीसाठी केलेला खर्च हा त्याच्या तिकडच्या किती महिन्यांच्या कमाईएवढा आहे, हे त्यात पाहतात. बांगलादेशाच्या सांख्यिकी खात्याने २०२० मध्ये हेच मोजलं, तर सरासरी खर्च ४ लाख १६ हजार टक्यांवर निघाला, म्हणजे १७.६ महिन्यांची कमाई. दीड वर्ष माणूस फुकट राबतो, असाच त्याचा अर्थ.

आपण घरगुती हिशोब याहून नेमका करू शकतो, कारण आपल्याला व्याज माहीत असतं. मावसभावाचेच आकडे घेऊ. पगार १,००० रियाल. रियालचे बावीस रुपये धरले तर २२,०००. जेवण, फोन, साबण-तेल यात ३५० रियाल जातात. उरले ६५०, म्हणजे १४,३००. पाठवण्याचा खर्च जाऊन घरी १४,००० पोचले. घरखर्चाला ८,००० लागतात. कर्जाला उरले ६,०००.

आता १,२०,००० वर शेकडा तीन म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच ३,६००. सहा हजारांतून मुद्दलात गेले फक्त २,४००. असं करत कर्ज फिटायला ३१ महिने लागतात, आणि करार आहे २४ महिन्यांचा. पहिला पगार दीड-दोन महिन्यांनी येतो. तोवरचं व्याज घरातून भरता आलं नाही आणि मुद्दलावर चढत गेलं, तर पैसे उचलल्यापासून तीन वर्षांच्या वर जातात.

तोच पगार, तेच घर, पण खर्च नियमाप्रमाणे धरा: सेवाशुल्क ३५,४००, मेडिकल ६,०००, मुंबईच्या फेऱ्या ९,०००, मंजुरी आणि विमा मिळून सहाशेच्या आत. सगळे मिळून ५१,०००. शेकडा तीननेच उचलले तरी १० महिन्यांत फिटतात. आणि सावकाराऐवजी बँकेत किंवा पतसंस्थेत सोनं ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले तर ९ महिन्यांत. सव्वा लाखाच्या आसपासची तीच जुनी रक्कम सोनेतारणावर घेतली असती तरी २३ महिन्यांत फिटली असती, म्हणजे करार संपायच्या आत.

माझा स्वतःचा नियम असा आहे की सगळं कर्ज बारा महिन्यांत फिटत नसेल तर ती नोकरी सोडून द्यावी. दुसरी येते. आठ-दहा महिन्यांत फिटत असेल तर जा.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाचा कमाल दर सरकार ठरवतं. तो दर ३६ टक्क्यांच्या जवळपासही नाही. पण गल्फला जाणाऱ्याला तीन दिवसांत पैसे हवे असतात, आणि नेमकं तेव्हाच बँकेचा कर्मचारी एक कागद कमी काढतो. म्हणून व्हिसा यायची वाट पाहू नका. मुलाखतीला जाण्याआधीच बँकेत जाऊन विचारून ठेवा: किती तोळ्यांवर किती मिळतील, काय काय कागद लागतील. मंगळसूत्र तारण ठेवणं कोणालाच आवडत नाही, घरात रडारड होते, मी पाहिली आहे. तरी जमीन लिहून देण्यापेक्षा ते सुरक्षित आहे.

पाचवी पायरी: मेडिकलच्या आधी गावात एक एक्स-रे

सहा आखाती देशांसाठी वैद्यकीय तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातच होते, नोंदणी वाफिद या ऑनलाइन व्यवस्थेतून करावी लागते. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, अशा तपासण्या असतात. जुन्या टीबीचा डाग फुप्फुसावर राहिला असेल तर आजार बरा झालेला असूनही माणूस ‘अनफिट’ ठरू शकतो. आणि तेव्हा मेडिकलचे, प्रवासाचे, कधी बयाण्याचेही पैसे बुडतात. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी किंवा सरकारी रुग्णालयात आधी साधा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्या. काही शंका निघाली तर मुंबईचं तिकीट काढायच्या आधी कळेल. या एका सल्ल्याने आमच्याकडच्या दोघांचे पैसे वाचले.

मेडिकल करायची ती निवड झाल्यावर, पगार आणि कामाचं पत्र हातात आल्यावर. ‘आधी मेडिकल करून ठेव, नोकरी बघू’ म्हणणाऱ्याचा धंदा अनेकदा मेडिकलच्या कमिशनवरच चालतो.

सहावी पायरी: पावती

मुंबईतल्या एका कार्यालयात मी मावसभावाच्या मित्राबरोबर गेलो होतो. छोटी खोली, एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं, काउंटरवर पासपोर्टांचे रबर लावलेले गठ्ठे. त्याने नोटा पुढे केल्या. काउंटरमागच्या माणसाने मोजून ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि पुढच्याला हाक मारली.

मी म्हटलं, “साहेब, पावती?”

“व्हिसा आल्यावर एकदम देतो.”

“मग पैसेही व्हिसा आल्यावर एकदम देऊ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. “हे कोण? नोकरी तुला पाहिजे की याला?”

पोरगा खाली मान घालून उभा. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, राहू दे ना, नाव कापतील.” आणि त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तीस माणसं मागे बसलेली असताना एकट्याने पावती मागायला छाती लागते. म्हणून वाद घालायची वेळ येऊ न देणारी युक्ती सांगतो: रोख नेऊच नका. ‘घरच्यांनी बँकेत पाठवलेत, खात्यावरच टाकतो, खातं द्या,’ असं साधेपणाने म्हणा. रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यातच टाका, कोणा माणसाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोन क्रमांकावर नको. शेऱ्यात ‘सेवाशुल्क’ लिहा. बँकेचं स्टेटमेंट ही तुमची पावती. कंपनीचं खातं द्यायलाच नकार आला, तर तिथे पुढे काय होणार ते समजून घ्या.

पासपोर्ट ठेवून घेतला तर त्याचीही लेखी पोच घ्या, तारखेसकट. बेत रद्द करायची वेळ आली की पासपोर्ट अडकवून पैसे उकळण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

सातवी पायरी: करार वाचा, नाहीतर वाचून घ्या

मुलाखतीत सांगितलेला पगार आणि करारातला पगार यांत फरक पडतो तो बहुधा ‘बेसिक’ या शब्दाच्या आड. ‘१,५०० मिळतील’ म्हणजे मूळ पगार ८०० आणि बाकी ओव्हरटाइम धरून, असं निघतं. मूळ पगार वेगळा विचारा. युएईत नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या हिशोबाने. मूळ पगार कमी दाखवला की निघतानाही तुम्हीच कमी घेऊन येता.

जेवण कंपनीचं की भत्ता, हेही लेखी हवं. वरच्या हिशोबात जेवण कंपनीने दिलं असतं तर दरमहा तीनेकशे रियाल वाचले असते, म्हणजे कर्जाचा हप्ता दुप्पट करता आला असता. कतारला जाणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: मार्च २०२१ पासून तिथे किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे, आणि मालक राहायची व जेवायची सोय करत नसेल तर वर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० द्यावे लागतात. यापेक्षा कमीचा करार पुढे आला तर तो कायद्यात बसत नाही.

करार इंग्रजी-अरबीत असतो. सही करण्याआधी पानांचे फोटो काढून वाचता येणाऱ्या माणसाला पाठवा. फोटो काढू दिले नाहीत तर सही करू नका. आणि तिकडे उतरल्यावर दुसरा, कमी पगाराचा करार पुढे सरकवतात तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात. ते तुमच्या फोनमध्ये तर असू द्याच, घरच्यांच्या फोनमध्येही ठेवा.

‘आझाद व्हिसा’बद्दल वेगळं सांगायला हवं

हा शब्द आपल्याकडे फार चालतो. कागदावर एक कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिकडचा मालक, प्रत्यक्षात बाहेर मिळेल ते काम करायचं, कफीलला दरवर्षी पैसे द्यायचे. ऐकायला मोकळीक वाटते, म्हणून किंमतही जास्त. पण असा कुठला व्हिसा कायद्यात नाही. कफील सोडून दुसरीकडे काम करताना सापडलात तर कैद आणि हकालपट्टी. इकाम्याच्या नूतनीकरणाचे पैसे दरवर्षी तुमच्याच खिशातून जातात. वहीत मांडलंत तर महिने मोजताच येत नाहीत, कारण खर्च कधी संपतच नाही.

उलट टोकही सांगतो. ‘एक पैसा नको, तिकीट आम्ही देतो, थायलंडला डेटा एंट्री, लगेच निघा.’ गेल्या काही वर्षांत अशा नोकरीच्या नावाखाली भारतातली मुलं थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली, कंबोडिया-लाओसमध्येही. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. खर्च शून्य आहे म्हणून तपासणी सोडू नका.

आठवी पायरी: मंजुरी, विमा, एक दिवसाचं प्रशिक्षण

ईसीआर पासपोर्ट असेल तर ई-मायग्रेटवरून मंजुरी घेतल्याशिवाय विमानतळावर सोडत नाहीत. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते: अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. पॉलिसीचा क्रमांक घरी भिंतीवर चिकटवून ठेवा. हा विमा आहे हेच घरच्यांना माहीत नसतं आणि दावा करायचा राहून जातो. करार वाढला तर विमाही वाढवा.

जाण्याआधीचं एक दिवसाचं मार्गदर्शन प्रशिक्षण सरकारकडून मोफत असतं. कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

ईसीआर पासपोर्टवर या देशांत जाणाऱ्या स्त्रियांसाठी किमान वय ३० आहे. घरकामासाठी जाणाऱ्या बाईला तरुण वयात टुरिस्ट व्हिसावर पाठवण्याचे प्रकार या अटीमुळेच होतात. बंद घरात काम, बाहेर कोणी ओळखीचं नाही, आणि सरकारदरबारी नोंदही नाही. असा प्रस्ताव आला तर घरच्यांनीच नाही म्हणावं.

नववी पायरी: तिकडे उतरल्यावरचे सहा महिने

डायरी चालू ठेवा. रोजचे तास, ओव्हरटाइम, मिळालेला पगार, कापलेली रक्कम. पगार बँकेतून येतो का ते बघा. ‘व्हिसाचे पैसे हप्त्याने कापतो’ असं कंपनी म्हणाली तर लेखी मागा आणि वर सांगितलेला कायदा आठवा. सगळीच कपात मात्र बेकायदा नसते. युएईत कामगाराने स्वतः भरायचा बेरोजगारी विमा आहे, कमी पगारवाल्यांसाठी महिन्याला ५ दिरहम. तो न काढल्यास ४०० दिरहम दंड होतो. पाच दिरहम वाचवायला जाऊन चारशे घालवलेले आहेत लोकांनी.

पैसे पाठवताना शुल्कापेक्षा दर बघा. एक्सचेंजवाला ‘फी नाही’ म्हणतो आणि रियालमागे पंचवीस-तीस पैसे कमी देतो, ते जास्त पडतं. आणि थोडं थोडं चार वेळा पाठवण्याऐवजी महिन्यातून एकदाच पाठवा.

फसवणूक झालीच तर

जायच्या आधी फसलात आणि एजंट परवानाधारक असेल तर पोलिसांइतकाच धाक त्याला उत्प्रवासी संरक्षकाचा असतो. कारण मोठ्या एजंटाने ५० लाखांची बँक हमी सरकारकडे ठेवलेली असते, आणि परवाना गेला की दुकान बंद. मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. ई-मायग्रेटवरही तक्रार करता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. हिंदीत बोलता येतं.

एजंट बिनपरवाना असेल तर आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या, आणि तक्रारीत उत्प्रवासन कायदा १९८३ चा उल्लेख करायला सांगा. विनापरवाना भरतीला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दंड मात्र अजून दोन हजारांपर्यंतच, १९८३ सालचा.

तिकडे अडकला असाल तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. अडचणीतल्या कामगाराच्या राहण्याला, कायदेशीर मदतीला, परतीच्या तिकिटाला त्यातून पैसे मिळू शकतात. घरच्यांनाही इथून ‘मदद’वर तक्रार नोंदवता येते.

तक्रारीला बसताना कागद या क्रमाने लावा: पासपोर्टची प्रत, एजंटचा परवाना क्रमांक, पैसे दिल्याच्या तारखा आणि रकमा, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट, कराराचे फोटो. रोख दिले असतील तर कोणासमोर दिले, त्या माणसाचं नाव आणि त्याची सही. मावसभावाकडे पुरावा म्हणून फक्त मेडिकलचं बिल होतं. त्यामुळे त्याची तक्रार तीन वेळा लिहून झाली, आणि तीनही वेळा ‘पुरावा जोडा’ म्हणून परत आली.